पत्र्यावर एकही नाही

तंतोतंत काकांनी मधमाश्या पाळल्या याचं बिल्डिंगमध्ये कोणाला फारसं नवल वाटलं नाही. त्यांनी त्या मोजायला घेतल्या याचं तर मुळीच नाही. नवल वाटलं ते एवढ्याचंच, की मोजणी एक्केचाळीसवर थांबली आणि काका तीन दिवस नाकाला बर्फ लावून बसले.

काकांची एकतीस वर्षं एका मोठ्या गोदामात माल मोजण्यात गेली होती. रजिस्टरात लिहिलेल्या गोण्या आणि जमिनीवर रचलेल्या गोण्या यांची भेट घडवून आणायची, आणि दोघींचं जमलं नाही तर कोण खोटं बोलतंय ते शोधायचं, हे त्यांचं काम. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. किती वाजले म्हणून विचारलं तर ते चार वाजून सतरा मिनिटं सांगत, आणि विचारणाऱ्याने 'म्हणजे सव्वाचार' म्हटलं तर त्याच्याकडे असं पाहत की त्याला दोन मिनिटं चोरल्यासारखं वाटे.

गोदामाची पद्धत अशी की एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने तपासायचं. काकांनी ती पद्धत घरात आणली. काकूंनी चमचे घासून लावले की काका ते मोजत, फळी पुसली की फळीवरून बोट फिरवत. यात अविश्वास मुळीच नव्हता, पद्धत होती. तपासून झाल्यावर ते काही बोलत नसत. काही बोलले नाहीत म्हणजे बरोबर आहे, हे काकूंना लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं, आणि पुढची चौतीस वर्षं त्यांनी तेवढ्यावर भागवलं.

निवृत्त झाल्यावर काकांनी तीन दिवसांचा मधमाशीपालनाचा वर्ग केला आणि गच्चीवर एक पेटी आणून ठेवली. सोसायटीच्या सेक्रेटरीने परवानगी लेखी दिली, अकरा अटींवर. सातवी अट होती की माश्यांनी येण्याजाण्यासाठी जिन्याचा वापर करू नये. काकांनी सगळ्या अटी दोनदा वाचल्या आणि माश्यांच्या वतीने सही केली.

दोन महिने सुखाचे गेले. मग एका सकाळी काकांना पेटीच्या दारात एक माशी दिसली. तिचे पंख चुरगळलेले होते, खिशात राहून गेलेल्या बसच्या तिकिटासारखे. बाकीच्या भराभर उडून जात होत्या. ही चालत कामाला निघाली होती. दाराच्या कडेपर्यंत आली, पडली, पेटीच्या पायावरून पुन्हा वर चढली, आणि पुन्हा निघाली. काका तिच्याकडे बावीस मिनिटं बघत उभे राहिले. खाली आल्यावर त्यांनी चहा नको म्हटलं. काकूंनी घड्याळाकडे पाहिलं आणि काहीतरी गंभीर आहे हे ओळखलं.

वर्गात मिळालेल्या पुस्तिकेच्या बाविसाव्या पानावर उत्तर होतं. वरोआ नावाची कीड. गोचिडीच्या नात्यातली, टाचणीच्या डोक्याएवढी, तांबूस, चपटी. माशीच्या अंगाला चिकटून तिलाच खाते आणि पोळ्यातल्या बंद घरांत, माशीच्या पिल्लाशेजारी, आपला संसार थाटते. वेळीच आवरली नाही तर पेटी रिकामी होते. किती कीड आहे हे कळायला अर्धा कप, म्हणजे अंदाजे तीनशे, माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्याव्यात, त्यांच्यावर पिठीसाखर घालून बरणी हलवावी, म्हणजे कीड सुटून खाली पडते. माश्या पांढऱ्या होतात, पण जिवंत राहतात. तीनशे माश्यांमागे नऊपेक्षा जास्त कीड निघाली तर धोका.

काका 'अंदाजे'पाशी अडले. तीनशे म्हणजे तीनशे. दोनशे सत्त्याण्णव माश्यांवर काढलेला निष्कर्ष तीनशेंच्या माथी मारणं त्यांच्या तत्त्वात बसेना. तेव्हा त्यांनी भिंग घेतलं, तोंडावरची जाळी भिंगाच्या आड येते म्हणून बाजूला केली, आणि माश्या एकेक मोजून बरणीत घ्यायला लागले. एक्केचाळीसपर्यंत कोणाची काही तक्रार नव्हती. बेचाळिसावी स्वतःहून नाकावर आली.

नाक पूर्वपदावर येईपर्यंत बिल्डिंगमधून सल्ले आले. सेक्रेटरीचं म्हणणं पडलं की माश्यांना लेखी नोटीस द्यावी, म्हणजे उद्या काही झालं तर आपल्याकडे कागद असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं की त्यांच्या वर्गात उवा झाल्या होत्या तेव्हा त्यांनी सगळ्यांना बारीक फणी आणायला लावली होती. ती फणी अजून आहे, हवी तर देते. तळमजल्यावरचा दंतवैद्य मात्र नाक बघायला म्हणून आला आणि खुर्ची ओढून बसला.

"काका, कीड म्हणजे माझा प्रांत," तो म्हणाला. "अडतीस वर्षं मी दुसरं केलंय काय?"

त्याच्या दवाखान्यात थायमॉल नावाच्या औषधाची बरणी पडून होती, आणि पुस्तिकेतल्या उपायांच्या यादीत थायमॉल होतंच. यावर दंतवैद्याने असा चेहरा केला की पुस्तिका त्याला विचारून छापली असावी. मात्रा पुस्तिकेप्रमाणे काकांनी काट्यावर तोलून घेतली. पेटीत औषध ठेवल्यावर तासाभरात सगळ्या गच्चीला दवाखान्याचा वास सुटला, आणि निम्म्या माश्या बाहेर येऊन दारापाशी घोस करून लटकल्या. आधी आत कोणी जायचं यावर त्यांचं एकमत होत नसावं. दंतवैद्य म्हणाला, हे अगदी नेहमीचं आहे, माझ्याकडेही पेशंट बाहेरच बसून राहतात.

मोजणीसाठी काकांनी त्याआधीच पुस्तिकेतली दुसरी पद्धत निवडली होती, कारण तिच्यात माशीशी प्रत्यक्ष संबंध येत नव्हता. पेटीला खालून जाळी असते. जाळीखाली व्हॅसलीन फासलेला पांढरा पत्रा सरकवायचा. कीड गळून पडते ती जाळीतून पत्र्यावर येऊन चिकटते. चोवीस तासांनी पत्रा ओढून मोजायची. औषध ठेवण्याच्या आदल्या दिवशी सकाळी साडेसातला काकांनी भिंगातून मोजली, सेहेचाळीस भरली. पत्र्यावर कीड होती, मेणाचा चुरा होता, परागाचे कण, माशीचे दोन पाय. काका तो पत्रा जेवणाच्या टेबलावर घेऊन आले. काकूंनी टेबलाकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं. काका म्हणाले की या घरात यापुढे पडलेला प्रत्येक जीव नोंदला गेला पाहिजे. मग पत्रा पुन्हा गच्चीवर, काकूंच्या कपड्यांच्या दोरीखाली, जागेवर गेला.

इथवर सगळं खासगी होतं. सरकार मध्ये आलं ते काकांच्या सचोटीमुळे. पुस्तिकेच्या शेवटी, लहान अक्षरांत, कलम चौदा होतं की पेटीत ही कीड आढळल्यास पाळणाऱ्याने पशुविभागाच्या कार्यालयाला कळवावे. कलम चौदा आजवर कोणीच वाचलं नव्हतं. काका पत्र घेऊन गेले तेव्हा तिथल्या कारकुनाने ते दोन्ही बाजूंनी बघितलं. हे तुम्ही आपणहून सांगायला आलात का, असं त्याने तीनदा विचारलं. त्याच्याकडे एकच फॉर्म होता: गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, इतर. काकांनी 'इतर'मध्ये माशी लिहिली. कारकुनाने संख्या विचारली. काकांनी मोजणी अपूर्ण असल्याचं सांगितलं. जनावर हरवल्यास ओळखायची खूण, या रकान्यात काय लिहायचं यावर दोघांचा पाऊण तास गेला. शेवटी 'डंख मारते' असं ठरलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. महिनाअखेरीस तपासनीस येतील. कीड मर्यादेबाहेर असल्यास, किंवा मर्यादेत असूनही वाढत असल्याचे दिसल्यास, आसपासच्या पेट्यांच्या रक्षणासाठी सदर पेटीला सील लावून ती नेण्यात येईल. सेक्रेटरीने हे पत्र नोटीस बोर्डावर लावलं. खाली स्वतःच्या पेनाने 'कृपया सहकार्य करावे' असं लिहिलं. कोणी आणि कोणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

काका त्या पत्राने डगमगले नाहीत, कारण तोवर त्यांच्या वहीत चमत्कार सुरू झाला होता. औषध ठेवल्यानंतरच्या पहिल्या सकाळी साडेसातला त्यांनी पत्रा ओढला, भिंग लावलं, उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे पाहिलं. काही नव्हतं. पत्रा आरशासारखा होता.

"उत्तम," काका म्हणाले. "एकही नाही."

पलीकडे काकू दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते वहीत शून्य काढत होते. दुसऱ्या दिवशीही एकही नाही. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "वा. कोपरेसुद्धा स्वच्छ." ती त्यांनी माश्यांच्या वळणाला दिलेली दाद होती. घरात शिस्त असली की मुक्या जिवालाही ती कळते, असं त्यांचं मत बनत चाललं होतं.

त्या आठवड्यात काकू स्वयंपाकघरात गुणगुणायला लागल्या. काकांनी त्याचं श्रेय थायमॉलला दिलं. नाक मोकळं होत असावं.

तिसऱ्या आठवड्यात लॉंड्रीवाल्याचं प्रकरण उद्भवलं. स्वयंपाकघरात खिळ्याला एक कॅलेंडर टांगलेलं असे आणि इस्त्रीला गेलेल्या कपड्यांचे आकडे काकू त्यावर पेन्सिलीने लिहीत. पाणी प्यायला गेलेल्या काकांची नजर सवयीने आकड्यांवरून फिरली आणि ग्लास ओठांशीच थांबला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी एकशे एकतीस. मंगळवारी दोनशे चार. बुधवारी एकशे सत्त्याऐंशी. दोन माणसांचं घर.

दुसरा कोणी असता तर त्याने बायकोला विचारलं असतं. पण गोदामाचा नियम होता की आधी माल बघायचा, मग माल उचलणाऱ्याला धरायचं, आणि नोंद करणाऱ्याला सगळ्यात शेवटी विचारायचं, कारण तो सावध होतो. काकांनी दुपारी कपाटं उघडून घरातले सगळे कपडे मोजले. मोज्यांच्या जोड्या सुट्या धरूनही एकशे सतरा झाले. मग ते लॉंड्रीवाल्याकडे गेले आणि त्या मंगळवारच्या दोनशे चार कपड्यांचं काय झालं म्हणून त्याला शांतपणे विचारलं.

"काका, दोनशे चार तर आख्ख्या बिल्डिंगचे होत नाहीत," लॉंड्रीवाला म्हणाला.

काकांनी तेच तर म्हणतोय असं सांगितलं. लॉंड्रीवाल्याच्या हातात इस्त्री होती. ती त्याने उभी करून ठेवली. बावीस वर्षांत मला कोणी चोर म्हटलं नव्हतं, असं म्हणून त्याने काकांचं गाठोडं जसं होतं तसं, चुरगळलेलं, परत केलं. काकांनी घरी येऊन ते मोजलं. नऊ होते. काकू एवढंच म्हणाल्या की आता शर्टाचं काय करायचं, परवा तुमचं भाषण आहे.

भाषण वाचनालयात होतं. दंतवैद्याने जमवून आणलं होतं आणि विषय होता 'कीडमुक्तीचे माझे प्रयोग'. माझे म्हणजे कोणाचे यावर दोघांत थोडी कुजबुज झाली. काका चुरगळलेल्या शर्टात तेवीस मिनिटं बोलले. त्यांनी वही उघडून दाखवली: तेवीस दिवस, तेवीस शून्यं, सगळी एका मापाची. चौदा श्रोते होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्या मधपाळाने शेवटी उठून विचारलं की तेवीस दिवस खरंच एकही नाही? काका म्हणाले की मी एकतीस वर्षं मोजलंय. म्हातारा खाली बसला, पण त्याची मान काही सरळ होईना.

तपासनीस महिनाअखेरीस आली. तिशीतली, बुटकी, खांद्याला कापडी पिशवी. बरोबर सेक्रेटरी अटींची फाइल घेऊन आणि दंतवैद्य रिकाम्या हाताने वर आले. तपासनीस बाईंनी पेटीतली मधली पोळ्याची चौकट उचलली, राणीमाशी तिच्यावर नाही याची खात्री केली, अर्धा कप माश्या बरणीत झटकल्या. काकांनी किती आहेत विचारलं. बाई म्हणाल्या, अंदाजे तीनशे. काकांनी डोळे मिटून घेतले. पिठीसाखर पडली, बरणी हलली, जाळीतून साखर पांढऱ्या ताटात आली, आणि साखरेत तांबूस ठिपके चालू लागले. पांढऱ्याफटक माश्या बरणीतून सुटल्या आणि त्यांतल्या काही, घर सापडेपर्यंत, सेक्रेटरीच्या फाइलवर जाऊन बसल्या. तो हललाही नाही. बारावी अट त्याच्या डोक्यात तयार होत होती.

"आठ," बाई म्हणाल्या. "मर्यादेत आहे. रोजची नोंद ठेवलीय?"

काकांनी वही पुढे केली. त्यांच्या आयुष्यातला हा क्षण होता. बाईंनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग पत्रा ओढून हातात घेतला आणि उन्हात तिरका धरला.

"कचरा कुठेय?"

"कसला कचरा?"

"आत वीसेक हजार माश्या राहतात. मेणाचा चुरा पडतो, पराग पडतो. हा पत्रा तर जेवायला घेता येईल."

काकांनी शिस्तीबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली, पण बाईंचं बोट वहीवर फिरत होतं. काल शून्य, परवा शून्य, महिनाभर शून्य. आणि आज बरणीत आठ. वहीप्रमाणे बघायचं तर काहीच नव्हतं तिथून कीड एका रात्रीत आठवर गेली होती. मर्यादेत होती, पण वाढत होती, आणि तीही धावत. बाईंनी पिशवीतून सीलची तार काढली. वही खोटी आहे असं काका म्हणाले असते तर पेटी वाचली असती; पण तसं म्हणायला त्यांना दुसरा जन्म घ्यावा लागला असता. तारेचं एक टोक पेटीच्या कडीतून गेलं. तेवढ्यात एक चुरगळलेल्या पंखांची माशी दारातून बाहेर आली आणि तारेवरून चालायला लागली.

"अहो बाई, थांबा जरा," काकू म्हणाल्या.

त्या कपड्यांच्या दोरीमागे उभ्या होत्या. त्या खाली गेल्या आणि वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्वयंपाकघरातलं कॅलेंडर होतं, खिळ्यासकट. "हे बघून चालेल का?"

बाईंनी पाहिलं. सेहेचाळीस. एकशे एकतीस, दोनशे चार, एकशे सत्त्याऐंशी. मग उतरण: नव्वद, त्रेसष्ट, एक्केचाळीस, एकवीस, बारा, नऊ, सात. एका चौकटीत बासष्ट खोडून त्रेसष्ट केलं होतं. हे काय म्हणून बाईंनी विचारलं.

"एक फडक्याला चिकटून आला होता. नंतर दिसला."

औषधाने कीड आधी ढिगाने गळते आणि मग ओसरते, हे बाईंनी सेक्रेटरीला समजावून सांगितलं; अशी नोंद त्यांनी वर्षभरात कुठे पाहिली नव्हती. दंतवैद्य 'मी म्हणालोच होतो' म्हणाला. बाईंनी विचारलं की मग पत्रा पुसला कोणी?

"मीच. रोज सहाला. आधी मोजायचं, मग पुसायचं, मग व्हॅसलीन." काकू काकांकडे वळल्या. "हे म्हणाले होते की प्रत्येक जीव नोंदला पाहिजे. यांच्या वहीला मी हात लावत नाही, म्हणून कॅलेंडरवर लिहिलं."

"पण पुसलास कशाला?" काकांनी विचारलं. आवाज त्यांचाच होता, पण लांबून आल्यासारखा.

"अहो, म्हणजे काय? साडेसातला तुम्ही तपासायला येत होता ना, भिंग घेऊन."

काकांच्या डोळ्यांपुढून तीस सकाळी एकामागून एक गेल्या, आणि दोनशे चार शर्ट. काकू कॅलेंडरचा खिळा बोटांत फिरवत होत्या.

"म्हणजे ते 'उत्तम'," त्या म्हणाल्या, "ते मला नव्हतं का?"

तंतोतंत उत्तर काकांना माहीत होतं. ते एका शब्दाचं होतं आणि त्यांच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी पेटीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, काकूंच्या हातातल्या खिळ्याकडे पाहिलं.

"बहुतेक तुलाच असावं," ते म्हणाले.

तपासनीस बाईंनी तार गुंडाळून पिशवीत टाकली. फॉर्मवर 'नोंद ठेवणाऱ्याचे नाव' असा रकाना होता, तिथे काकूंचं नाव लिहिलं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येते म्हणून सांगितलं. काका त्याच संध्याकाळी लॉंड्रीवाल्याकडे कॅलेंडर घेऊन गेले. त्याने ते सगळं वाचलं, काकांची माफी ऐकून घेतली, गाठोडं घेतलं, आणि आतल्या कपड्यांत किडे नाहीत ना हे प्रत्येक शर्ट झटकून बघितलं. काकांना ते बघत उभं राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काका गच्चीवर गेले. पत्र्यावर सहा होते. त्यांनी कॅलेंडरवर लिहिण्यासाठी आकडा लक्षात ठेवला, फडकं घेतलं, पत्रा पुसला, कोपरे पुसले, व्हॅसलीन सारखं फासलं. घाम आला. बरोबर साडेसातला काकू आल्या. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि पत्रा उजवीकडून डावीकडे पाहिला, मग डावीकडून उजवीकडे. काका बाजूला हात पुसत उभे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते कोणाच्या तरी तोंडाकडे बघत वाट पाहत होते.

काकूंनी भिंग खाली केलं.

"कोपऱ्यात एक राहिलाय," त्या म्हणाल्या. "सात लिहा."